घोडा, बैल आणि जुनी मोटार : नांदेड-लातूरकडील वाहनपारखीचा इतिहास

वेगाची, नावाजलेल्या वंशाची, पण वय झालेली सवारी विकत घ्यावी की नाही, हा प्रश्न नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या परिसरात मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. तेव्हा तो घोड्याबद्दल होता. शर्यतीच्या बैलाबद्दलही तो विचारला गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या फियाट, हेराल्ड, येझदी अशा गाड्यांबद्दल विचारला जाऊ लागला. वाहन बदलले, तरी पारख करणाऱ्याचे मुद्दे फारसे बदलले नाहीत. वय खरे किती, खोड कोणती, वंशाला पुरावा काय आणि घरी आणल्यावर सांभाळणार कोण, एवढेच ते मुद्दे. यांतल्या पहिल्या तिन्हींसाठी पिढ्यान्‌पिढ्या शास्त्र, दलाल आणि कागद उभे राहिले. चौथा मुद्दा मात्र बहुतेक वेळा सौदा झाल्यावरच आठवला गेला, आणि खरा खर्च त्यातच होता.

दख्खनमध्ये चांगला घोडा ही मुळात आयात केलेली वस्तू होती. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे जहाजांनी चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरत आणि घाट चढून बहमनी राजधानीकडे जात. पंधराव्या शतकात ही राजधानी बीदरला आली. बीदर म्हणजे उदगीरचा शेजार. औसा, उदगीर, कंधार हे किल्ले पुढे बीदरच्या बरीदशाहीकडे राहिले. त्यामुळे आजच्या लातूर-नांदेडचा मुलूख या घोडेबाजाराच्या अंगणातच होता. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास एकच घोडा घेऊन चौलला उतरला. नफ्याची आशा त्या एका घोड्यावर होती. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा जप्त केला, कुणाच्या तरी मध्यस्थीने तो परत मिळाला आणि अखेर बीदरला विकला गेला. निकितीनने आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे, की घोडा वर्षभर पोसावा लागला आणि त्यापायी ६८ फुतून (त्या काळचे नाणे) खर्च झाले. या देशात घोडे निपजत नाहीत, त्यांना हरभरा घालतात, साखर घालून खिचडी शिजवून देतात, असेही तो नोंदवतो. बीदरच्या मुलखातल्या आळंदच्या जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, हा त्याचा आकडा फुगवलेला असेलही. पण खाण्यापिण्याचा हिशेब लिहिणारा हा व्यापारी त्या काळच्या दरबारी तवारिखकारांपेक्षा खरेदीदाराला अधिक उपयोगी माहिती देतो.

महागडा अरबी घोडा उमरावाला परवडे. बाकीच्यांची भिस्त देशी घोड्यावर होती. भीमा नदीच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू उंचीने कमी, दिसायला साधे, पण काटक आणि थोडक्या चाऱ्यावर निभावणारे. मराठी घोडदळाच्या दूरच्या दौडी त्यांच्याच जोरावर झाल्या. राष्ट्रीय पातळीवर या घोड्यांची स्वतंत्र वाण म्हणून नोंद व्हायला मात्र २०२४ साल उजाडावे लागले.

घोडा कोणाच्या मालकीचा, यावरून मराठी फौजेत स्वाराचा दर्जा ठरे. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतला किंवा दुसऱ्याचा घोडा चालवणारा तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा आणि मोबदलाही जास्त, पण घोडा मेला की नुकसान त्याच्या माथी. मुघल फौजेच्या अभ्यासकांनी दाखवले आहे, की स्वतःचा घोडा गमावण्याच्या धास्तीने स्वार ऐन हातघाईच्या वेळी हात आखडता घेत. मोलाचे वाहन बाळगले की ते वापरण्यापेक्षा जपण्याकडे मन ओढते, ही गोष्ट हल्लीच्या मोटारमालकांनाही ओळखीची वाटेल.

या व्यवस्थेतूनच वाहनाच्या कागदाचा जन्म झाला. हजेरीच्या दिवशी चांगला घोडा दाखवून पगार उचलायचा आणि नंतर तो विकून मरतुकडे तट्टू बांधायचे, अशी लबाडी सर्रास चाले. तिला आळा घालण्यासाठी घोड्याला डाग देण्याची आणि वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत दिल्लीत अलाउद्दीन खलजीने आणली होती. अकबराने १५७० च्या दशकात ती पुन्हा कडक केली. घोड्याच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाची खूण आणि दप्तरात रंग, खुणा, भोवरे यांची नोंद अशी ती दुहेरी तजवीज होती. मुघल राज्य दख्खनमध्ये पसरले तशी ही दप्तरेही इकडे आली. मराठी दप्तरांतही घोड्याचा रंग व किंमत लिहिण्याची चाल होती. कुमैत, सुरंग, अबलख, नुकरा, मुश्की हे शब्द त्या नोंदींतून बोलीभाषेत उतरले आणि बाजारात अजून ऐकू येतात. चेसिस क्रमांक आणि आरसी बुक यांचा पूर्वज शोधायचा तर तो इथे सापडतो. खूण अंगावर असावी, वर्णन कागदावर असावे आणि दोन्ही जुळावीत, एवढाच त्याचा अर्थ.

निजामाच्या राज्यात ही परंपरा आणखी एका वाटेने टिकली. नांदेडशेजारचे हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे ठाणे होते. या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते आणि १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात मिसळेपर्यंत तसेच राहिले. पलटण असेल तिथे घोड्यांची खरेदी, नालबंद, मोतद्दार, चारा पुरवणारे आणि वय झालेले घोडे उतरत्या किमतीला घेणारे असा सगळा व्यवसाय गोळा होतो.

नांदेड शहरातली परंपरा याहून वेगळी आहे आणि खरेदी-विक्रीच्या पूर्ण बाहेर आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी इथे देह ठेवला. त्या जागी उभ्या असलेल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याच्या तबेल्यात आजही घोडे पाळले जातात. ते गुरूंच्या घोड्याच्या वंशातले आहेत, अशी श्रद्धा आहे. दसरा आणि होला महल्ल्याच्या मिरवणुकीत ते सजवून, स्वाराविना पुढे चालवले जातात. वंशाला किती किंमत असू शकते याचे या भागातले हे टोकाचे उदाहरण. त्या घोड्यांना बाजारभावच नाही.

बाजारभाव पाहायचा तर माळेगावला जावे लागते. लोहा तालुक्यातले माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. तिथल्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते आणि पुढे काही दिवस चालते. खंडोबा हा घोड्यावर बसणारा देव, त्यामुळे त्याच्या यात्रेत घोडेबाजार भरणे ओघाने आले. घोड्यांखेरीज गाढवे, खेचरे, उंट, गायी-बैल, कुत्री यांचीही इथे खरेदी-विक्री होते. भटक्या जमाती इथे जमतात, कुस्त्यांचे फड लागतात, लावणीचे कार्यक्रम होतात आणि जिल्हा परिषद पशुप्रदर्शन भरवते. मराठवाड्यात घोड्याची गरज दळणवळणासाठी उरली नाही, तरी लग्नाची वरात, यात्रेतली नाचरी घोडी, शर्यत आणि निव्वळ हौस यांनी हा बाजार जिवंत ठेवला. म्हणजे आजचा घोडा घेणारा आणि जुनी स्पोर्ट्‌स गाडी घेणारा एकाच कारणाने बाजारात उतरतात. दोघांचेही त्याविना काही अडलेले नसते.

पारखीची सुरुवात तोंडापासून होते. घोड्याचे पक्के दात ठराविक क्रमाने येतात. पुढच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरते. त्यानंतर वय सांगते ती झीज. खालच्या दातांच्या माथ्यावरचे काळे खळगे मधून कडेकडे सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षी नाहीसे होतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यावर आणि विसाव्याला टोकापर्यंत पोचते. दरम्यान दात लांबट दिसू लागतात आणि समोर झुकतात. आठ वर्षांपुढच्या घोड्याचे वय नेमके सांगणे अवघड, आणि लबाडीला जागा तिथेच. म्हाताऱ्या घोड्याच्या दातात खळगे कोरून ते डागून काळे करण्याची युक्ती जगभरच्या घोडेबाजारांत चालत आली. मोटारीचे मीटर मागे फिरवणे हा तिचाच यांत्रिक अवतार. कसलेला पारखी म्हणूनच एका दातावर विसंबत नाही. डोळ्यांवरचे खळगे, पाठीचा बाक, गुडघे, खूर हे सगळे दातांशी जुळते का, ते पाहतो.

दुसरी पायरी खोडीची. लाथ मारणे, चावणे, बुजणे, दावणीला उभ्या उभ्या झुलत राहणे, लाकूड कुरतडत वारा गिळणे या वर्तनाच्या खोडी, आणि लंगड, दमा, मोतीबिंदू या शरीराच्या. विक्रेता घोडा आधीच थोडा फिरवून, घाम काढून गिऱ्हाईकापुढे उभा करतो, कारण सांध्यांतली कुरकुर अंग तापल्यावर लपते. जाणकार म्हणून सकाळी लवकर, घोडा थंड असताना बाजारात येतात. जुन्या मोटारीच्या बाबतीतही गार इंजिन पहिल्यांदा सुरू होताना पाहावे असे मिस्त्री सांगतात. कारण तेच आहे.

तिसरी पायरी शुभाशुभाची. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या अश्वशास्त्रात केसांच्या भोवऱ्यांना मोठे महत्त्व आहे. गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी भाग्याचा. यांचा घोड्याच्या ताकदीशी काही संबंध नाही. किमतीशी मात्र थेट आहे. अशुभ भोवऱ्याचा उत्तम घोडा स्वस्तात मिळतो आणि विकायला गेला की पुन्हा स्वस्तातच जातो. विश्वास नसलेल्या खरेदीदारालाही पुढच्या गिऱ्हाइकाचा विश्वास धरून चालावे लागते. जुन्या गाड्यांत मूळ रंगाला जी किंमत येते, तिच्यातही हाच हिशेब थोडाफार असतो.

सौदा ठरतो तो दलालामार्फत. विकणारा आणि घेणारा यांचे हात रुमालाखाली किंवा उपरण्याखाली जातात आणि बोटे दाबून आकडा सांगितला जातो. भोवती जमलेल्यांना बोली कळत नाही. धान्य-कापसाच्या आडतीतही अशीच हत्ता पद्धत चाले. शेतकऱ्याला त्यात भाव कळत नाही, म्हणून बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव आणला. जनावरांच्या बाजारात मात्र रुमाल पुढेही दिसत राहिला. सौदा पटला की विसार दिला जातो आणि पावती फाडली जाते. त्यानंतर तक्रार ऐकून घेतली जात नाही. क्वचित दोन-चार दिवसांची हमी मिळते, ती दलालाच्या पतीवर.

बैलाच्या पारखीत हौसेइतकाच पोटाचा प्रश्न होता, त्यामुळे तिथले निकष जास्त रोखठोक आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या कंधार परिसराची लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातली देवणी हे या भागाचे दोन नावाजलेले गोवंश. लाल कंधारी गडद तांबडी, मध्यम बांध्याची, ओढकामाला चिवट. देवणीत गीर आणि डांगी यांचे रक्त स्थानिक जनावरांत मिसळले आहे असे मानतात. अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगाच्या वाटणीवरून तिच्यात वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार पाडले जातात. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीचा बाजार बैलांसाठी प्रसिद्ध आहे. बैलाला वरचे पुढचे दात नसतातच, म्हणून खालचे आठ मोजायचे. अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती अशी वयाची शिडी असते आणि आठही दात आले की बैल जुळला म्हणतात. जुळलेल्या बैलाचे पुढचे वय शिंगांवरून, दातांच्या झिजेवरून आणि चालीवरून काढतात. मग जुंपून पाहतात. बैल दोन्ही बाजूंना चालतो का, भरल्या गाडीला खांदा देतो का, चढावर बसतो का, हे बघितल्याशिवाय शहाणा शेतकरी पैसे मोजत नाही.

या बाजाराचा खरा नियंता पाऊस. १९७२ सारख्या दुष्काळात चारा-पाण्याअभावी चांगली जनावरे मिळेल त्या भावाला निघतात. त्या वेळी घेणाऱ्याला वाण स्वस्तात मिळते, पण पोसण्याची अडचण विकणाऱ्याइतकीच त्याच्याही दारात उभी असते. सांभाळाचा मुद्दा इतका उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा बैल ही मराठवाडा-विदर्भाकडची खरीखुरी वेगाची गाडी. तिची किंमत कायद्याने कशी हलते, हे गेल्या काही वर्षांत दिसले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली. मधल्या काळात शर्यतीच्या बैलाचा उपयोगच कायद्याबाहेर गेला होता. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला पूर्वी मिळणारी शेवटची किंमत उरली नाही आणि त्याला मरेपर्यंत पोसणे हा खरेदीचाच भाग झाला. ओळख पटवण्याचे जुने काम आता कानातला १२ अंकी बिल्ला करतो. राज्यात २०२४ पासून तो नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे.

मोटार या मुलखात आली ती निजामाच्या राज्यात. हैदराबादच्या दरबारी मोटारींपैकी सर्वात गाजलेली म्हणजे सहाव्या निजामाने मागवलेली आणि सातव्याच्या काळात पोचलेली १९१२ ची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. ती आज चौमहल्ला राजवाड्यात आहे. समारंभापलीकडे ती जवळजवळ वापरली गेली नाही, आणि म्हणूनच तिचे मोल एवढे. नांदेड-लातूरच्या सामान्य माणसाला मोटारीची ओळख झाली ती बसमधून. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर रस्ते वाहतूक सुरू केली. त्याआधी नांदेडला मनमाड-हैदराबाद मीटरगेज आणि लातूरला १९११ मध्ये पोचलेली बार्शी लाइट रेल्वे एवढीच यांत्रिक वाहने होती. खासगी मोटार ही जहागीरदार, वकील, बडे व्यापारी यांची चीज राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, तेव्हा या वर्गाचा मोटार पोसण्याचा आधारच गेला.

पुढे आयातीवर निर्बंध आले आणि देशात मोटार म्हणजे तीन कारखाने असे समीकरण झाले. त्यांतला कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाईल्स हा सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेला. त्याची फियाट ११०० पन्नाशीच्या दशकात ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली. हीच गाडी रूप बदलत १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिली. मद्रासच्या स्टँडर्डने १९६१ मध्ये हेराल्ड आणली. ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डची ही भारतीय आवृत्ती, रेखाटन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचे. इंग्लंडमध्ये याच गाडीच्या सांगाड्यावरून ट्रायम्फ स्पिटफायर ही खरी स्पोर्ट्‌स गाडी बनली. भारतात स्पिटफायर बनली नाही, पण हेराल्डचे शरीर वेगळ्या सांगाड्यावर बोल्टने बसवलेले असल्याने कित्येकांनी तिचे छप्पर कापून हौस भागवली. अशी कापलेली हेराल्ड आज घेणाऱ्याच्या डोक्याला ताप आहे, कारण दारांची बैठक बिघडते आणि मूळपणाही जातो.

परवाना-व्यवस्थेच्या त्या दशकांत जुन्या गाडीचे गणित उलटे होते. नवी फियाट नोंदवली की वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून हातात मिळणारी वापरलेली गाडी कित्येकदा नव्याच्या सरकारी किमतीपेक्षा महाग विकली जाई. वयाने किंमत घटते हा नियम त्या काळापुरता थांबला होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाला मिळाली आणि काही वर्षांत तो नियम पुन्हा लागू झाला. पद्मिनी, हेराल्ड, ॲम्बेसेडर परसात झाकून ठेवल्या गेल्या किंवा भंगारात गेल्या.

जिल्ह्याच्या गावांत वेगाची हौस मोटारीपेक्षा मोटारसायकलवर जास्त भागली. म्हैसूरची जावा व पुढे येझदी, मद्रासची बुलेट आणि १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५०. ही यामाहाची दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक गाडी एस्कॉर्ट्‌सने बनवली. पेट्रोल फार पिते म्हणून तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळेना आणि काही वर्षांत ती बंद पडली. आज जुन्या दुचाकींच्या बाजारात तिचा फार शोध होतो. बाजाराचा हा विक्षिप्तपणा नवा नाही. जे तेव्हा कमी खपले, तेच पुढे दुर्मीळ ठरते.

संग्रहाची कल्पना भारतात उशिरा रुजली. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, राजवाड्यांतल्या गाड्या विक्रीला निघाल्या आणि बऱ्याच परदेशी गेल्या. १९७२ मध्ये जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यास बंदी आली, तेव्हा त्या वारसा आहेत हे प्रथमच सरकारी पातळीवर मान्य झाले. स्वतंत्र नोंदणीची तरतूद मात्र २०२१ मध्ये झाली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. अट अशी, की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. या हिशेबाने सगळ्या हेराल्ड आज पात्र ठरतात आणि पद्मिनी २०२४ पासून एकेक वर्षाने पात्र होत आहेत. राजदूत ३५० ला २०३३ पर्यंत थांबावे लागेल.

तोवर साधी वाट म्हणजे पासिंगची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी तपासणी आणि पर्यावरण कर. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढले. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे सीमेवरचे, त्यामुळे इथे येणाऱ्या जुन्या गाड्या बऱ्याचदा हैदराबाद, निजामाबाद किंवा बीदरकडच्या असतात. परराज्यातली गाडी घेताना तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद हे सगळे किमतीत धरावे लागते. एनओसी न मिळालेली गाडी कितीही देखणी असली तरी ती शोभेची वस्तू आहे, वाहन नाही. चेसिसवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक आरसी बुकाशी अंक-अंक जुळवून पाहावा. क्रमांकाजवळ घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर तिथेच व्यवहार थांबवणे बरे.

यंत्राच्या तपासणीत धूर बरेच सांगतो. चारस्ट्रोक इंजिनातून निळसर धूर म्हणजे ऑइल जळते, रिंग-पिस्टन किंवा बोअरचे काम निघणार. काळा धूर म्हणजे कार्बोरेटरचे मिश्रण जाड. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे गॅस्केटमधून पाणी आत जाते. टू-स्ट्रोक गाडी ऑइल जाळतेच, तिथे कॉम्प्रेशन आणि क्रँकचा आवाज पाहायचा. पण इंजिन उतरवून नवे करता येते. गंजलेला पत्रा आणि सांगाडा यांना तसा उपाय नसतो. हेराल्डच्या सांगाड्याचे बाजूचे फाटे आणि फियाटचे तळ व दाराखालचे पट्टे टोचून पाहिल्याशिवाय रंगाच्या चकाकीवर भुलू नये. इथे मराठवाड्याची कोरडी हवा उपकारक ठरते. समुद्रकाठच्या मुंबईच्या गाडीपेक्षा लातूरच्या गोठ्यात वीस वर्षे उभी राहिलेली गाडी पत्र्याने बरी निघण्याचा संभव जास्त असतो. उन्हाळ्याच्या झळांनी तिचे रबर, वायरिंग आणि गाद्या मात्र तडकलेल्या असतात.

सुट्या भागांवरून कोणती गाडी घ्यावी हे जवळजवळ ठरते. पद्मिनी हजारोंनी टॅक्सी म्हणून धावली, मुंबईतली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली. त्यामुळे तिचे भाग अजून मिळतात आणि ते बसवणारे मिस्त्रीही आहेत. हेराल्डचे भाग शोधावे लागतात, काही लेथवर बनवून घ्यावे लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्बोरेटर जुळवणारे हात कमी होत चालले आहेत आणि मोठ्या कामाला गाडी हैदराबाद किंवा पुण्याला न्यावी लागते. त्यात इंधन बदलले. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि त्या काळच्या रबरी नळ्या व वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते. हे इथेनॉल अंशतः ज्या उसापासून निघते तो लातूरच्या शिवारात पिकतो, पण जुन्या गाडीला त्याचा लाभ नाही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी रिकामी ठेवणे आणि नळ्या बदलून घेणे एवढेच हाती उरते.

व्यवहार पुरा होतो तो नावावर झाल्यावर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नोंद बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी कागदावरच्या मालकाची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तिऱ्हाइताच्या नावावर चार हात फिरलेल्या जुन्या गाड्या या भागात पुष्कळ आहेत. अशा गाडीचा मूळ मालक हयात आहे की नाही, इथून चौकशी सुरू करावी लागते आणि वारसांच्या सह्या मिळेपर्यंत विसारापलीकडे रक्कम देणे धोक्याचे असते. विम्यात पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. मूल्यांकनाचा अहवाल, छायाचित्रे आणि केलेल्या कामाची बिले दाखवता आली, तर ती भंगाराच्या भावाला न ठरता गाडीच्या खऱ्या मोलाजवळ जाते.